आइसकास्टचं भगदाड बुजवताना

इंटरनेट रेडिओ चालवणाऱ्यांत आइसकास्ट या स्ट्रीमिंग सर्व्हरचा लौकिक असा, की एकदा बसवला की वर्षानुवर्षं मुकाट चालतो. म्हणूनच २०१८ मध्ये उघडकीला आलेली त्याची एक चूक आजही एखाद्या विसरलेल्या सर्व्हरवर जशीच्या तशी पडून असू शकते. सेमल कंपनीच्या निक रोल्फ यांनी ती शोधली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-१८८२०. आइसकास्टच्या २.४.० ते २.४.३ या आवृत्त्यांत ती आहे, २.४.४ मध्ये दुरुस्त झाली. खालची कृती डेबियन किंवा उबुंटूवर आइसकास्ट चालवणाऱ्यांसाठी आहे.

सामान फारसं लागत नाही. एसएसएचने सर्व्हरवर शिरता यावं, सुडोचे अधिकार असावेत आणि कार्यक्रम चालू नसेल अशी वेळ निवडावी. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा.

बहुतेक जण आधी आवृत्ती बघतात. मी म्हणेन, आधी कॉन्फिग वाचा. ईटीसी फोल्डरमध्ये आइसकास्ट२ या फोल्डरात आइसकास्ट डॉट एक्सएमएल ही फाइल असते. तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा आणि मग माउंटचे, म्हणजे प्रत्येक प्रसारणाच्या पत्त्याचे, विभाग तपासा. कुठल्याही माउंटमध्ये ऑथेंटिकेशनचा टाइप ‘यूआरएल’ दिलाय का? दिला असेल, तर त्याच्या आत ‘हेडर्स’ नावाचा ऑप्शन आहे का? दोन्ही असतील तर तुमचा सर्व्हर या चुकीच्या थेट माऱ्यात आहे. नसतील तर घाई नाही, पण अपडेट करायचंच आहे.

हे दोनच का, ते समजून घेतलेलं बरं. यूआरएल ऑथेंटिकेशन चालू असताना कुणी श्रोता आला की आइसकास्ट त्याची माहिती तुमच्या वेबसाइटकडे पाठवून ‘याला आत घेऊ का?’ असं विचारतो. ‘हेडर्स’ ऑप्शन दिला असेल तर श्रोत्याच्या प्लेअरने पाठवलेली ठरावीक हेडर्सही सोबत जातात. हा सगळा मजकूर ४०९६ बाइटांच्या जागेत एकापुढे एक लिहिला जातो. लिहिण्याचं काम एसएनप्रिंटएफ हे सी भाषेतलं फंक्शन करतं. जागा संपली की ते थांबतं, पण हिशेब देताना प्रत्यक्ष किती लिहिलं ते सांगत नाही. पुरेशी जागा असती तर किती लिहिलं असतं, तो आकडा देतं. कणगीत मावली दोन पोती आणि वहीत मांडली आणलेली पाच, तसला प्रकार. आइसकास्ट त्या वहीवर विसंबून पुढचं हेडर कुठून लिहायचं ते ठरवतो, आणि ते जागेच्या बाहेर जाऊन पडतं. उरलेली जागा वजाबाकीत शून्याखाली जाते, पण ती धन संख्या म्हणूनच वाचली जात असल्याने अवाढव्य दिसते. मग लगाम कसला राहणार! हे सगळं पासवर्डची शहानिशा होण्याआधी घडतं. त्यामुळे जगाच्या पाठीवरचा कुणीही सर्व्हर पाडू शकतो, आणि कसबी असेल तर त्यावर स्वतःचा कोडही चालवू शकतो.

लगेच अपडेट करणं शक्य नसेल तर ‘हेडर्स’ची ओळ काढून टाका. कॉमेंटमध्ये गुंडाळत बसू नका. या फाइलमध्ये आधीच भरपूर कॉमेंट असतात आणि एक्सएमएलमध्ये कॉमेंटच्या आत कॉमेंट चालत नाही. मग सर्व्हर रीस्टार्ट करा. युजरनेम-पासवर्ड, आयपी पत्ता, प्लेअरचं नाव हे तुमच्या वेबसाइटकडे पूर्वीसारखंच जात राहतं. मात्र तुमची वेबसाइट एखाद्या हेडरवरूनच श्रोता ओळखत असेल, तर सगळ्यांनाच दार बंद होईल. अशा वेळी तो माउंट तेवढ्यापुरता बंद ठेवलेला परवडला.

आता आवृत्ती. ‘आइसकास्ट२ -व्ही’ दिलं की आकडा दिसतो, पण इथे फसगत होते. डेबियन जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती घालून देतं. डेबियनच्या स्ट्रेच या आवृत्तीत ही चूक २.४.२-१+डेब९यू१ या पॅकेजात बुजवली गेली, आणि आइसकास्ट स्वतःला २.४.२ च म्हणवत राहिला. म्हणून ‘डीपीकेजी -एल आइसकास्ट२’ देऊन पॅकेजचा पूर्ण क्रमांक वाचा, शेपटासकट. सोर्स कोडवरून स्वतः बांधलेला आइसकास्ट असेल तर हा प्रश्न नाही, २.४.४ च्या खाली असेल तर बदला.

अपडेट सोपं आहे: ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आइसकास्ट२’. मधेच ‘कॉन्फिग बदललेली दिसते, नवी घेऊ की जुनी ठेवू’ असं विचारलं तर जुनी ठेवा, म्हणजे एन. घाईत वाय दाबलं तर माउंट आणि पासवर्ड दोन्ही गेले. रीस्टार्ट करताना सगळे श्रोते तुटतात. फॉलबॅक माउंटचा इथे उपयोग नाही, कारण सर्व्हरच खाली जातो. प्रसारण पाठवणारा स्टुडिओतला बट किंवा दुसरा कुठला सोर्स पुन्हा जोडला गेला का, ते बघा. मग एकदा बरोबर पासवर्डने आणि एकदा मुद्दाम चुकीच्या पासवर्डने ऐकून पाहा. दुसऱ्यांदा आवाज आला तर ऑथेंटिकेशनच लागलेलं नाही.

आधी कुणी शिरून गेलं असेल का? अ‍ॅक्सेस लॉगवर भिस्त ठेवू नका. त्यात प्लेअरचं नाव आणि रेफरर येतो, बाकीची हेडर्स येत नाहीत. त्यापेक्षा ‘जर्नलसीटीएल’मध्ये आइसकास्टच्या नावावर सेगफॉल्ट शोधा. कारण नसताना तो वारंवार मेलेला दिसला, तर अपडेटवर न थांबता सर्व्हर नव्याने उभारा आणि कॉन्फिगमधले सगळे पासवर्ड बदला. वेबसाइटकडे जाणारा पासवर्डही त्याच फाइलीत उघडा लिहिलेला असतो.

फाइल उघडलीच आहे तर सोर्स, रिले आणि अ‍ॅडमिन यांचे पासवर्डही बघा. आइसकास्टच्या नमुना फाइलमध्ये तिन्ही ठिकाणी ‘हॅकमी’ लिहिलेलं असतं, आणि ते तसंच ठेवणारे महाभाग आहेत! अ‍ॅडमिनचं पान आणि प्रसारण दोन्ही ८००० या एकाच पोर्टवरून जात असल्याने फायरवॉलने त्यातलं एकच अडवता येत नाही. पुढे एनजिनएक्स बसवून श्रोत्यांना त्यातूनच आत घ्या, ‘अ‍ॅडमिन’ने सुरू होणारे पत्ते तिथे रोखा, आणि ८००० हा पोर्ट बाहेरून फक्त स्टुडिओच्या आयपीसाठी उघडा ठेवा.