रेशीम शेती : कोष आपला, धागा परका

शेतीस जोडधंदा हवा, हे आपण सर्वजण मान्य करतो. परंतु त्या धंद्यातील कच्चा माल पक्का कोठे होतो व नफा कोणाच्या पदरी पडतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मराठवाड्यातील रेशीम शेती हे याचे बोलके उदाहरण होय.

उद्योगाचे स्वरूप

तुतीची लागवड एकदा केली की दहा-बारा वर्षे टिकते. उसापेक्षा तिला पाणी कमी लागते. रेशीम अळीचे आयुष्य २५ ते २८ दिवसांचे असते. त्या काळात ती चार वेळा कात टाकते आणि चंद्रिकेवर चढून कोष विणते. संगोपन चांगले झाल्यास १०० अंडीपुंजांपासून ६० ते ७० किलो कोष मिळतात. वर्षातून चार-पाच पिके घेता येतात. मात्र निर्जंतुकीकरणात किंवा उझी माशीच्या बंदोबस्तात हयगय झाली, तर हातचे पीक जाते.

खरी अडचण

धान्य कणगीत ठेवता येते. ओला कोष ठेवता येत नाही. दहा-बारा दिवसांत आतील पतंग कोष फोडून बाहेर पडतो आणि मग अखंड धागा निघत नाही. म्हणून भाव पडला तरी शेतकऱ्यास विकावेच लागते. अनेक वर्षे आपले शेतकरी कोषाची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जात. प्रवासखर्च त्यांचा, भाव मात्र दुसऱ्याच्या हाती! २०१८ साली जालना येथे कोष बाजार सुरू झाल्याने ही पायपीट पुष्कळ कमी झाली.

परंतु एवढ्याने काम संपत नाही. पैठण व येवला ही पैठणीची गावे. तेथील विणकरांना लागणारे रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येत आले आहे. म्हणजे कोष दक्षिणेकडे जातो आणि धागा होऊन, भाव वाढवून परत येतो.

आम्हांस काय वाटते?

एक किलो धाग्यास सुमारे ६ ते ८ किलो कोष लागतात. कोष वाळविला की तो टिकतो. धागा तर त्याहूनही टिकतो. ज्याचा माल टिकतो, तोच भावासाठी थांबू शकतो. म्हणून कोष वाळविण्याची सोय आणि धागा काढण्याची केंद्रे गावांच्या जवळ हवीत. या कामास स्वतःची शेती लागत नाही. भूमिहीन कुटुंबे व महिला बचत गट ते करू शकतात. लहान अळ्या वाढवून शेतकऱ्यांना देणारे चॉकी केंद्र हाही थोड्या जागेतला स्वतंत्र व्यवसाय आहे.

नागपूर येथे १९९७ साली रेशीम संचालनालय स्थापन झाले. तुती लागवडीस रोजगार हमी योजनेतून साहाय्यही मिळते. विद्यार्थी मित्रांनी जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊन माहिती घ्यावी, एखादे संगोपनगृह डोळ्यांनी पाहावे आणि मगच पाऊल टाकावे. केवळ कोष विकणारा समाज उत्पादक राहतो. धागा काढू लागला, म्हणजे तो उद्योजक होतो.