गोचीड आणि माकडताप

गाईच्या कानामागे किंवा कुत्र्याच्या मानेवर चिकटलेली गोचीड तुम्ही पाहिली असेलच. पुष्कळांना ती कीटक वाटते. पण कीटकाला सहा पाय असतात आणि पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ! म्हणजे ती कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातली. या गोचिडीची एक जात सह्याद्रीच्या रानात माणसाच्या जिवावर कशी उठली, ते आज पाहू या.

१९५७ सालच्या सुरुवातीस, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास वानरे आणि माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास जंगलात जाणारी माणसेही कडक तापाने आजारी पडली. शास्त्रज्ञांना पहिली शंका आली ती पीतज्वराची. डासांमुळे पसरणारा हा रोग दक्षिण अमेरिकेत माकडांचेही प्राण घेतो, आणि भारतात तो कधीच आलेला नव्हता. तेव्हा केवढी धास्ती वाटली असेल याची कल्पना करा.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे पोचले. १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. रोगी आणि मेलेली माकडे यांच्यापासून त्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले ते रशियातील जंगलांत गोचिडींमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी. म्हणजे डासांचा नव्हे, गोचिडींचा माग काढायला हवा होता! अखेर हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या रानगोचिडीत तो सापडला. रोगाला क्यासनूर जंगलाचे नाव मिळाले. आपल्याकडे लोक त्याला माकडताप म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, गोठ्यात एवढ्या गोचिडी असतात, मग गोठ्यातून हा रोग का पसरत नाही? याचे उत्तर गोचिडीच्या जीवनक्रमात आहे. रानगोचिडीच्या अंड्यातून सहा पायांचे पिल्लू बाहेर येते. ते एखाद्या उंदराचे किंवा चिचुंदरीचे रक्त पिते, खाली गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचे होते. ही मधली अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती गवताच्या किंवा पानाच्या टोकावर पुढचे पाय उंचावून वाट पाहते. त्या पायांवरील इंद्रियाने तिला जवळून जाणाऱ्या प्राण्याचा श्वास आणि ऊब कळते. आता ती माकडाला चिकटते, किंवा माणसाला. पुन्हा खाली पडून कात टाकली की ती प्रौढ होते आणि गाय, म्हैस, गवा अशा मोठ्या जनावराला धरते. तीन अवस्था, तीन पोशिंदे. पहिल्याच्या रक्तातून आलेला विषाणू कात टाकल्यावरही तिच्या अंगात राहतो आणि दुसऱ्याच्या रक्तात जातो. याउलट गोठ्यात नेहमी आढळणारी गोचीड तिन्ही अवस्था एकाच गाईच्या अंगावर काढते. एकाचा विषाणू दुसऱ्याला द्यायला तिला सहसा संधीच मिळत नाही.

तरीही या कथेत गुरांचा हात आहेच. त्यांच्यामुळे विषाणू पुढे जात नाही. पण रानात चरणाऱ्या गुरांचे रक्त पिऊन तट्ट झालेली रानगोचिडीची मादी खाली पडते आणि हजारो अंडी घालते. माणसाने जंगल तोडले, गुरे आत नेली, आणि गोचिडींची चंगळ झाली.

माकड बिचारे रोगाचे मूळ नव्हे, ते स्वतःच बळी. मात्र ते मेले आणि अंग गार पडले, की गोचिडी त्याला सोडून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका. ग्रामपंचायत, वनखाते किंवा आरोग्य केंद्र यांना लगेच कळवा. तेथील जमिनीवर कीटकनाशक मारले जाते.

अनेक वर्षे शिमोग्याच्या परिसरात राहिलेला हा रोग २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोचला. तेथे बरेच रोगी काजूच्या बागांत काम करणारे होते. का, ते ताडा पाहू! मधल्या अवस्थेतील गोचिडींचा सुकाळ साधारण जानेवारी ते मे या काळात असतो, आणि काजूचा हंगामही तोच. गळून पडलेले काजू पाचोळ्यातूनच वेचावे लागतात.

चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत एकाएकी ताप चढतो. डोके आणि अंग विलक्षण दुखते, काहींना रक्तस्राव होतो. थोडे बरे वाटून पुन्हा ताप उलटला, तर मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. शंभरांतील ३ ते ५ रोगी दगावतात. एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही, पण त्यावर नेमके औषधही नाही. पूर्वीची लस पुरेशी गुणकारी नसल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. नव्या लशीवर काम चालू आहे. हंगामात ताप आला तर बागेत गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ‘मला काही चावले नाही’ यावर भरवसा ठेवू नका. चावा बहुधा जाणवतच नाही.

बागेत जाताना अंगभर कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारे तेल उघड्या अंगाला लावा आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करून कपडेही गरम पाण्यात टाका. गोचीड चिकटलीच, तर रॉकेल ओतणे किंवा उदबत्तीचा चटका देणे नको. तिची सोंड उलट्या काट्यांची असते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा आणि जागा साबणाने धुवा.

गुरांच्या गोचिडी नखांवर चिरडण्याची सवयही सोडायला हवी. २०११ साली गुजरातेत आढळलेला क्रिमियन काँगो ताप गुरांवरच्या दुसऱ्या एका जातीच्या गोचिडीमुळे पसरतो, आणि चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही तो होऊ शकतो. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या देखत चिमट्याने बाहेर काढून ती भिंगाखाली धरा आणि पाय मोजा. सहा भरले, तर ते कोणत्या अवस्थेतील असेल?