वूव्रेची बाटली विजय नगरमध्ये केवढ्याला पडते?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो की परदेशातून आलेल्या लेकी-जावयासाठी केलेलं जेवण, जबलपूरच्या विजय नगरमधल्या मराठी घरांतूनही आता ‘एखादी चांगली फ्रेंच व्हाइट वाइन कोणती?’ अशी विचारणा होते. पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे वाचवायचे, हे आधी ठरवून दुकानात गेलेलं बरं. पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी वूव्रे सुचवेन, कारण आपल्या जेवणाशी तिचं चांगलं जमतं.

कुठली, कशाची?
वूव्रे हे फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी, तूर शहराजवळचं गाव. तिथले मऊ पांढऱ्या चुनखडीचे कडे पोखरून तळघरं केली आहेत आणि त्यांच्या थंडाव्यात वाइन मुरते. 1936 पासून हे नाव कायद्याने राखीव आहे. द्राक्ष मुख्यतः शेनिन ब्लां. हवा थंड असल्याने त्याचा आंबटपणा टिकतो, म्हणून किंचित गोड वाइनही जिभेला चिकट लागत नाही.

हेच द्राक्ष नाशिकलाही पिकतं. राजीव सामंत यांच्या सुला या वाइन कंपनीने ते तिथे लावलं आणि 2000 साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. ल्वारकाठी तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, नाशिकला साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. नाशिकची शेनिन पिकल्या फळांच्या चवीची असते. वूव्रेत सफरचंद आणि मध जाणवतो, आणि तिची चव तोंडात जास्त वेळ रेंगाळते.

पैसे कुठे जातात?
आयात वाइनवर एकूण 150 टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे. भारताच्या बंदरावर 600 रुपयांना पडलेल्या बाटलीवर 900 रुपये शुल्क चढलं की ती 1,500 ची होते. त्यापुढे आयातदाराचा नफा, वाहतूक, राज्याचं अबकारी शुल्क, व्हॅट आणि दुकानदाराचा वाटा. दारू जीएसटीच्या बाहेर असल्याने दर राज्यागणिक बदलतो. त्यामुळे मुंबई-पुण्याचा भाव जबलपुरात धरू नका.

अंदाजासाठी हे आकडे पुरेत:
- नाशिकची शेनिन ब्लां, 750 मिली: हजार रुपयांच्या आगेमागे. 150 मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे ग्लासाला सुमारे 200.
- आयात केलेली साधी वूव्रे: तीन हजार आणि वर. ग्लासाला 600 पासून पुढे.
- फ्रान्समधल्या दुकानात तीच वूव्रे: साधारण 10 ते 15 युरो.

घरचं कोणी फ्रान्सहून येत असेल तर त्यांनाच आणायला सांगा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या बसतात. पावती मात्र जपून ठेवायची आणि घरी किती ठेवता येते, ते अबकारी कार्यालयात विचारून घ्यायचं. नागपूर-नाशिकहून गाडीत बाटल्या घालून आणण्याआधीही हे विचारा, कारण राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतात.

बाटली हातात घेतल्यावर
लेबलवर ‘सेक’ असेल तर कोरडी, ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड, ‘म्वालू’ म्हणजे गोड. हे न पाहता घेतलेली महागडी बाटलीही जेवणावर फुकट जाते.

मग बाटली उजेडात आडवी धरा. बूच वर सरकलेलं असेल, झाकणाखाली चिकट ओघळ असेल किंवा वाइन तपकिरी झाली असेल, तर ती उन्हात तापलेली आहे असं समजा. जबलपूरचा मे महिना पंख्याखालच्या फळीवर काढलेली बाटली घेऊच नये. एमआरपी पाहा आणि बिल मागा. मध्य प्रदेशात 21 वर्षांखालील व्यक्तीला दारू विकता येत नाही.

ताटात काय?
हिवाळ्यात जबलपूरचा मटार स्वस्त आणि गोड असतो, तोच वाइनसाठी सर्वात सोपा जोडीदार. मटारच्या करंज्या, कोवळ्या मटाराची ओलं खोबरं घातलेली उसळ, मटारभात यांच्याबरोबर ‘सेक’ घ्या. कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, साबुदाणा वडा यांच्या तेलकटपणावर तिचा आंबटपणा उतारा ठरतो. तळलेल्या रोहूवर लिंबू पिळतो, तेच काम ही वाइन करते.

अळूवडीत चिंच-गूळ आणि तिखट दोन्ही असतं, तिथे ‘दमी-सेक’ हवी. झणझणीत रस्सा, गरम मसाल्याचं मटण आणि लोणचं यांच्यापुढे मात्र नाजूक वाइनचं काही चालत नाही. खव्याच्या जिलेबीबरोबर कोरडी वाइन आंबट-कडू लागते, तेव्हा गोड शेवटी स्वतंत्र खा.

वरखर्च
चांदीची बादली, क्रिस्टलचे ग्लास यांवर खर्च नको. तोंडाशी निमुळते साधे ग्लास आणि बूच काढायचा स्क्रू पुरे. फ्रीजमध्ये अडीच-तीन तास ठेवा. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या भांड्यात वीसेक मिनिटं. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

माझा सल्ला
आधी नाशिकची शेनिन मटारच्या करंज्यांबरोबर घेऊन बघा. तिची चव घरात रुळली, तरच वूव्रेवर तीन हजार घाला, आणि तेही चार-पाच जण जेवायला असताना. पाहुण्यांवर छाप पाडायला म्हणून ते घालू नका, कारण त्यातला मोठा वाटा करात जातो आणि तो ग्लासात उतरत नाही.