लहान ट्रॅक्टरची स्टिअरिंग-दुरुस्ती : तंत्र आणि अर्थकारण

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र अवघे १.०८ हेक्टर होते. एवढ्या क्षेत्रासाठी स्वतंत्र ट्रॅक्टर प्रत्येकाला परवडत नाही. अनेक शेतकरी तो भाड्याने घेतात. साहजिकच एका यंत्राच्या बिघाडाची झळ अनेकांना बसते. वाफसा निघून गेला की पेरणी लांबते आणि हे नुकसान सुट्या भागाच्या किमतीहून कितीतरी मोठे असते.

स्टिअरिंगचा बिघाड हे याचे बोलके उदाहरण होय. चालकाने दिलेले वळण स्टिअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड यांच्याद्वारे पुढील चाकांपर्यंत पोहोचते. या दांड्यांच्या टोकांशी बॉल जॉइंट असतात. रबरी टोपण फाटले की त्यांत धूळ व चिखल शिरतो, ग्रीस निघून जाते आणि सांधा झिजतो. परिणामी स्टिअरिंगमधील ‘प्ले’ वाढतो, टायर असमान झिजतात आणि भरलेली ट्रॉली रस्त्यावर नेताना जीवितास धोका संभवतो.

तपासणीपूर्वी इंजिन बंद करून मागील चाकांना अडण लावावी. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने सांधे न्याहाळावेत. सैल सांधा बदलताना पुढील आस भक्कम आधारावर ठेवावा; केवळ जॅकवर विसंबू नये. जुने टोक काढताना फेरे मोजावेत व नवे टोक तितकेच फेरे बसवावे. खाचेच्या नटाचे छिद्र जुळत नसल्यास तो सैल न करता किंचित अधिक आवळावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. शेवटी दोन्ही पुढील चाकांमधील अंतर समोरून व मागून एकाच उंचीवर मोजून ते पुस्तिकेतील मापाशी जुळवावे. वाकलेला वा तुटलेला रॉड वेल्डिंग करून वापरणे ही बचत नसून जोखीम आहे.

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. त्यातून भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना साहाय्य मिळाले. बुदनी, हिस्सार, गार्लादिन्ने व विश्वनाथ चारियाली येथील केंद्रीय संस्था यंत्र-प्रशिक्षण देतात. यंत्रखरेदीच्या अनुदानाइतकेच महत्त्व गावपातळीवरील कुशल कारागीर आणि वेळेवर मिळणारे सुटे भाग यांना दिले गेले, तरच यांत्रिकीकरणाचा लाभ अल्पभूधारकांपर्यंत टिकून राहील.