घटक ४ : अपूर्ण माणसांची श्रद्धा – ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• ख्रिस्ती विचारातील ‘पूर्ण’ आणि ‘पश्चात्ताप’ या संकल्पनांचा अर्थ सांगता येईल.
• ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे चित्रण व्यक्तींच्या दोषांसह कसे येते, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, श्रद्धावंताचे चरित्र म्हटले की निर्दोष व्यक्तीचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. संतचरित्रे ऐकत मोठे झालेल्या आपल्या मनाची ही स्वाभाविक अपेक्षा असते. लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र (१९३४ ते १९३६) ही अपेक्षा पूर्ण करीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र लिहिण्यासाठी त्यांचे पुत्र देवदत्त यांना आठवणी हव्या होत्या आणि त्या निमित्ताने हे लेखन सुरू झाले. एका आदरणीय कवीच्या चरित्राची ही सामग्री होती. तरीही त्याचे दोष लेखिकेने झाकले नाहीत आणि स्वतःचेही झाकले नाहीत. असे का, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.३ दोन शब्दांचा विचार

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. माणसाने स्वर्गीय पित्यासारखे ‘पूर्ण’ व्हावे, अशी मागणी याच प्रवचनात आहे. मूळ ग्रीक शब्द ‘तेलेइओस’ हा ‘तेलोस’, म्हणजे गंतव्य किंवा साध्य, या शब्दाशी निगडित आहे. त्यात परिपक्वतेची, साध्याला पोहोचण्याची छटा आहे. केवळ ‘एकही डाग नसलेला’ एवढाच त्याचा अर्थ नाही.

दुसरा शब्द ‘पश्चात्ताप’. मराठीत या शब्दाचा भर नंतर होणाऱ्या तापावर, म्हणजे दुःखावर आहे. ग्रीक ‘मेतानोइया’चा भर मन पालटण्यावर आहे. दुःख क्षणात होऊ शकते. मन पालटण्यास मात्र अनेकदा वर्षे लागतात. हा भेद लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचा.

४.४ टिळकांचे चित्र

टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून गौरविलेले हे व्यक्तिमत्त्व घरात कसे होते? ते शीघ्रकोपी होते. न सांगता घर सोडून जात. हातातील पैसा गरजूला देऊन मोकळे होत आणि संसाराची ओढाताण पत्नीच्या वाट्याला येई. धर्मांतरानंतरही हा स्वभाव नाहीसा झाला नाही. त्यांचा राग जसा चटकन चढे तसाच चटकन उतरे, हेही लेखिका दाखवते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ख्रिस्ती विचारात देवाची कृपा माणसाच्या योग्यतेवर अवलंबून नसते. परंतु कृपा म्हणजे दोषांना दिलेली सूट नव्हे. टिळकांच्या निर्णयामुळे पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. त्या काळातील लक्ष्मीबाईंचे दुःख आणि लोकनिंदा यांची नोंद पुस्तकात आहे. दोषाची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय क्षमेची भाषा पोकळ ठरते.

४.५ लक्ष्मीबाईंचे मनःपरिवर्तन

अत्यंत कडक सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात लक्ष्मीबाई वाढल्या. त्या टिळकांकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. विचारान्ती त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजेच मन आधी पालटत गेले, विधी नंतर झाला. हीच ‘मेतानोइया’ होय.

पुढे टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनामुळे (१९१९) अपुरे राहिले. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. आपण पात्र झालो की काम हाती घेऊ, असे म्हणत त्या थांबल्या नाहीत.

४.६ शैलीचा विचार

दोषकथनात दोन धोके असतात : आत्मसमर्थन आणि आत्मनिंदेचे प्रदर्शन. दोहोंतही ‘मी’ मोठा होतो. लक्ष्मीबाईंची घरगुती, बोलण्याच्या लयीतील वाक्ये आणि स्वतःलाही न वगळणारा विनोद यांमुळे हे दोन्ही धोके टळतात. येथे विनोद ही केवळ शैली नसून नम्रतेची रीत आहे.

४.७ समारोप

‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धा दोष संपल्यावर सुरू होत नाही, दोष ओळखत, त्यांचा भार वाहत ती आकार घेते. तुमच्यापैकी अनेकांनी संसार आणि नोकरी सांभाळून, शिक्षणातील खंडानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. श्रद्धा कोणतीही असो वा नसो, ‘आधी पूर्ण, मग आरंभ’ हा क्रम माणसाच्या आयुष्यात क्वचितच लागू पडतो, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक असेल. तो अनुभव या ग्रंथाच्या वाचनास उपयोगी पडेल.

४.८ स्वाध्याय

१. ‘पश्चात्ताप’ आणि ‘मेतानोइया’ यांतील अर्थभेद लक्ष्मीबाईंच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘कृपा म्हणजे दोषांना दिलेली सूट नव्हे’ या विधानाची ‘स्मृतिचित्रे’च्या आधारे चर्चा करा.
३. तुमच्या परिचयातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे गुण व दोष यांसह दहा ओळींत शब्दचित्र लिहा. लिहिताना काय गाळावेसे वाटले आणि का, ते शेवटी नोंदवा.