नुसत्या रश्शावर राहू नकोस

सावली,
फेब्रुवारी २०२५

चि. मनू,


काल वहिनीचा फोन आला. तुला पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.२, आणि तू चिकन सोडलंस म्हणे! रात्रभर डोळा लागला नाही माझा. आठ म्हणजे काय गं? गरोदर बाईला अकरा तरी हवं. मोबाईलवर कोणी सांगितलं की बॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, वरून मांगलीची बातमी, आणि तू ताट सरकवलंस!

मांगली काही लांब नाही, ब्रह्मपुरी तालुक्यातलंच गाव. गेल्या महिन्यात तिथे कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला, हे खरं. आजारी, मेलेल्या कोंबडीला हात लावू नये, कच्च्या मांसाचा हात दुसऱ्या भांड्याला लागू देऊ नये. पण ७० अंशांवर आतपर्यंत शिजलं की तो विषाणू जगत नाही, आणि आपल्याकडे तर रस्सा खदखदा उकळतो. इंजेक्शनाचं म्हणशील, तर बॉयलरची जातच निवडून निवडून लवकर वाढणारी केली आहे. भरपूर खाद्य खाऊन ती सहा आठवड्यांत तयार होते. गावरानला पाच-सहा महिने लागतात. चव गावरानचीच, मान्य. पण तिच्यासाठी अडून बसू नकोस. आठवर आलंय, पोरी.

रागावले, पण बंड्याच्या वेळचं तुला ठाऊक आहे. सासरी कोंबडी शिजली की सासूबाई डाव घेऊन बसायच्या. तुकडे आधी पुरुषांना, मग पोरांना. माझ्या जर्मनच्या ताटलीत भातावर लाल तर्री आणि एखादी मान. सगळी ताकद रश्शात उतरते, असं सगळे म्हणायचे. मीही तेच धरून बसले. पण रश्शात उतरतो तो मसाला, मीठ आणि चरबी. प्रथिनं बहुतेक तुकड्यातच राहतात, शंभर ग्रॅम मांसात वीसेक ग्रॅम. बंड्या झाला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. कापसात गुंडाळलेला तो जीव बघत बसायचे मी. एक तुकडा मागायला तोंड उघडलं नाही, हे आजही सलतं.

नुसत्या चिकननं रक्त भरेल असंही नाही. शंभर ग्रॅममध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅम, तुला दिवसाला २७ लागतं. पण मांसासोबत खाल्लेल्या पालेभाजीतलं लोह अंगी जास्त लागतं, म्हणून शेजारी भाजी असू दे, वर लिंबू पिळ. लोहाची गोळी चुकवू नकोस, चहाबरोबर तर मुळीच घेऊ नकोस. आणि सिकलसेलची तपासणी झाली का? दादाच्या बाजूला आहे ते, डॉक्टरांना स्वतःहून सांग. आठवर का आलं, हे त्यांनाच विचार. मला फोन करून कळव, वहिनीकडून नको.

वास सहन होत नसेल तर तर्री कमी कर, आलं आणि हिरवा सांबार जास्त घाल. तेही नको वाटलं तर दोन अंडी उकड. जबरदस्ती नाही, बाई. जेवढं जाईल तेवढंच खा, पण खा.

रविवारी दादा नागपूरला येतोय. तांबड्या कोंबडीची अंडी तणसात बांधून देते आहे, डबा सरळ धरायला सांगितलाय. बाळंतपणाला इकडेच ये. डाव माझ्याच हातात असेल, आणि मांडीचा तुकडा आधी तुझ्या ताटात.

तुझी,
आत्या