सक्रिय आणि निष्क्रिय : घरांतील स्पीकरच्या दोन जाती

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शाळेंतील दहावीचा एक विद्यार्थी लांकडी स्पीकरच्या दोन जुन्या पेट्या घेऊन आम्हांकडे आला. त्या त्याच्या आजोबांच्या होत्या. घरची मंडळी त्या भंगारांत देण्याच्या विचारांत होती. कारण बाजारांत कोणी त्यांस सांगितलें होतें कीं, ह्या पेट्या 'पॅसिव्ह' म्हणजे निष्क्रिय आहेत, आतां 'ॲक्टिव्ह' म्हणजे सक्रिय पेट्यांचे दिवस आले, ह्यांत कांहीं जीव उरला नाहीं. मुलानें विचारलें, "सर, ज्याचें नांवच निष्क्रिय, तें घरांत ठेवून काय करावें?" त्यास आम्हीं तोंडी जें उत्तर दिलें, तेंच येथें थोडें विस्तारानें देत आहों. अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ घरांत आज हा प्रश्न निघतो, आणि नुसत्या नांवास भुलून पैसा खर्च होतो.

प्रथम आम्हीं दीड व्होल्टचा साधा सेल घेतला, व त्यास जोडलेल्या दोन तारा पेटीमागील दोन खुंट्यांस क्षणभर टेकविल्या. 'खट्' असा आवाज झाला व मोठ्या स्पीकरचा पडदा किंचित् सरकला. वरचा लहान स्पीकर मात्र हाललेला दिसला नाहीं. तें कां, हें पुढें कळेल. स्पीकरमध्यें लोहचुंबक असतो. त्याच्या फटींत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें व तें पडद्यास चिकटविलेलें असतें. वेटोळ्यांतून प्रवाह गेला कीं तें सरकतें, पडदा हालतो, हवा हालते आणि ध्वनि उत्पन्न होतो. पेटी सक्रिय असो वा निष्क्रिय, तींतील स्पीकर हेंच काम करितो. तेव्हां 'निष्क्रिय' म्हणजे आळशी किंवा मृत नव्हे. प्रवाह वाढविणारें यंत्र, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्या पेटीच्या आंत नसून बाहेर आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आतां खरा भेद पाहूं. बहुतेक पेट्यांत दोन स्पीकर असतात : मोठा खालच्या स्वरांसाठीं, लहान वरच्या स्वरांसाठीं. एकाचें काम दुसऱ्यास देतां येत नाहीं. म्हणून ध्वनीची वांटणी करावी लागते. निष्क्रिय पेटींत ही वांटणी प्रवाह वाढल्यानंतर होते. ॲम्प्लिफायरकडून आलेला बलवान् प्रवाह पेटींत शिरतो. तेथें कॉईल खालचीं कंपनें मोठ्या स्पीकरकडे जाऊं देते व कंडेन्सर वरचीं कंपनें लहानाकडे सोडतो. सेलचा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. त्यास कंडेन्सर अडवितो. म्हणून आपला लहान स्पीकर स्तब्ध राहिला! स्पीकरचा विरोध ८ ओहम् आणि वांटणीचें ठिकाण सेकंदास २५०० कंपनें धरल्यास, अगदीं साध्या योजनेंत सुमारें ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर व सुमारें अर्ध्या मिलिहेन्रीची कॉईल लागते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

सक्रिय पेटींत क्रम उलटा असतो. ध्वनीचा प्रवाह क्षीण असतांनाच त्याची वांटणी होते, आणि मग प्रत्येक भागास स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. क्षीण प्रवाहाची वांटणी अधिक नेमकी करितां येते. शिवाय, कोणता ॲम्प्लिफायर कोणत्या स्पीकरशीं जोडला जाणार हें कारखानदारास आधींच ठाऊक असतें. त्यामुळें तो दोघांची जोडी जुळवून देतो, व घेणाऱ्याची चूक होण्यास जागा उरत नाहीं. हा लाभ लहान नव्हे. मनुष्याच्या बोलण्यांत स्वरांचा गाभा २५०० कंपनांच्या खालीं असतो, आणि 'स', 'श' ह्यांसारख्या वर्णांचा सळसळाट बहुतांशीं त्याच्या वर असतो. म्हणजे एकाच शब्दाचा कांहीं भाग एक स्पीकर बोलतो व कांहीं दुसरा. वांटणी बिघडली कीं शब्दच दुभंगतो.

ही कल्पना अगदीं नवी आहे असेंही नाहीं. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं आजच्या धर्तीचा स्पीकर विद्वानांपुढें मांडला. १९२६ सालीं तो 'रेडिओला १०४' ह्या नांवानें विक्रीस आला, तेव्हां त्याच्या पेटींतच ॲम्प्लिफायर बसविलेला होता. आपल्या आजोबा-पणजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओही असाच एका पेटींतला संसार होता. परंतु ॲम्प्लिफायर आंत असला म्हणजे पेटी खरी सक्रिय झाली, असें समजूं नये. पुष्कळ स्वस्त जोड्यांत एकाच पेटींत ॲम्प्लिफायर असतो, दुसरी तारेनें तीस जोडलेली असते, आणि वांटणी कंडेन्सरच करितो. म्हणून दुकानदारास विचारावें : "ॲम्प्लिफायर किती, आणि वांटणी त्यांच्या आधीं कीं नंतर?"

आमच्या वऱ्हाडाची एक गोष्ट मात्र छापील पत्रकांत सहसा नसते. मे महिन्यांत अकोल्यास व अमरावतीस पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. ॲम्प्लिफायरमधील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचें आयुष्य, स्थूल मानानें, उष्णता दर १० अंशांनीं वाढली कीं निम्में होतें. सक्रिय पेटींत हा सर्व संसार पेटीच्या आंतच तापतो. आणि त्यांतील एक भाग गेला तरी सबंध पेटी दुरुस्तीस न्यावी लागते. म्हणून ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी व काम नसतां बटण बंद करावें. निष्क्रिय पेटीचा ॲम्प्लिफायर तेवढा दुरुस्तीस जातो, पेटी घरींच राहते. मात्र तिला तार जाड हवी. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची दुपदरी तार १० मीटर नेली, तर जाण्यायेण्याची लांबी २० मीटर होते व विरोध सुमारें ०.३४ ओहम् भरतो. ८ ओहम्च्या स्पीकरपुढें सुमारें ४ टक्के शक्ति तारेंतच जाते, ४ ओहम्पुढें सुमारें ८ टक्के.

तेव्हां पालकांस आमचें सांगणें असें : घरांत कांहींच नसेल, खोली लहान असेल व जोडाजोडीची कटकट नको असेल, तर चांगली सक्रिय जोडी घ्यावी, प्रत्येक पेटीजवळ विजेची सोय आहे ना, हें आधीं पाहावें. घरांत धड ॲम्प्लिफायर व धड पेट्या असतील, तर केवळ नांवासाठीं त्या टाकूं नयेत.

त्या विद्यार्थ्याच्या पेट्यांचें पुढें काय झालें, हें सांगून लेख संपवितों. मोठ्या स्पीकरच्या कडेचें फोमचें कडें कुजलें होतें, तें बदलविलें. कोरडे पडलेले दोन कंडेन्सर बदलविले व घरचा जुना ॲम्प्लिफायर पुसून जोडला. रविवारीं सायंकाळीं त्याच्या घरीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें लागलीं. आजीबाईंना हल्लीं ऐकूं कमी येतें, त्या म्हणाल्या, "शब्द कळतात रे." आमच्या मतें स्पीकरची खरी परीक्षा हीच होय. शरीराचे अवयव निराळे व त्यांचीं कामेंही निराळीं. जो अवयव आपली शक्ति दुसऱ्याकडून घेतो, त्यास कोणी निकामी म्हणत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, वस्तूची किंमत नांवावरून करूं नका. सेल लावून पाहा!